मदत हवी आहे : जुन्या १२ फुटी बिलियर्ड टेबलाचा सागवानी सांगाडा ठेवावा की बदलावा?

ठाणेकर_क्यू

नमस्कार मंडळी,

जिमखान्याच्या बिलियर्ड रूममधल्या टेबलाबद्दल सल्ला हवा आहे. टेबल पूर्ण मापाचं आहे. कुशनच्या (कडेच्या रबर लावलेल्या कठड्याच्या) आतलं मैदान ३५६९ बाय १७७८ मिमी, आठ पाय, कापडाखाली ४५ मिमी जाडीच्या पाच स्लेट, म्हणजे दगडी लाद्या. सांगाडा आणि कुशनचं लाकूड सागवान. कुशनचे बोल्ट बाहेरून आडवे जाऊन स्लेटच्या कडेत बसतात, त्यांच्या तोंडावर लाकडी बटणं आहेत. रबर सहा वर्षांपूर्वी बदललंय, कापड दोन वर्षांपूर्वी.

पहिली अडचण लेव्हलची. ब्लॅकच्या टोकाकडून (जिथे काळा बॉल ठेवतात) बॉल्ककडे (समोरच्या, खेळ सुरू करायच्या टोकाकडे) अगदी हळू सोडलेला बॉल शेवटच्या पाऊण मीटरात खिडकीच्या बाजूला ओढला जातो. भिंतीच्या बाजूला कधीच नाही. हे जुलैत सुरू होतं, दिवाळीनंतर कमी होत जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये जवळपास नाहीसं होतं.

दुसरी कुशनची. खिडकीच्या बाजूचं, मधल्या पॉकेटपासून ब्लॅकच्या टोकापर्यंतचं लांब कुशन मंदावलंय. बाकी पाच कुशन भरीव आवाज देतात, इथे मधल्या दोनेक फुटांत फुटका आवाज येतो आणि बॉल कमी परततो.

खोली तळमजल्यावर, शहाबादी फरशी, एसी फक्त संध्याकाळी पाच ते अकरा.

दोन प्रस्ताव आलेत. एका फिटरचं म्हणणं, सागवान म्हातारं झालंय, सगळा सांगाडा काढून लोखंडी बॉक्स सेक्शनचा (चौकोनी पोकळ नळ्यांचा) टाका. एक विक्रेता म्हणतो, जुनं टेबल द्या आणि वरचे पैसे भरून 'सॉलिड वुड'चं नवं घ्या. त्याचं नमुन्याचं टेबल खालून पाहिलं. पाय भरीव लाकडाचे आहेत, पण कुशनच्या रबरामागचा ठोकळा व्हीनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, आहे.

विचारायचं आहे ते असं. लेव्हल हलते ती लाकडामुळे की फरशीमुळे, हे कसं ओळखायचं? कुशनचा दोष रबरात आहे की लाकडात? आणि टेबलात भरीव लाकूड नेमकं कुठे लागतं, कुठे ते फक्त दिसण्यापुरतं असतं? कार्यकारिणीपुढे आकडे ठेवायचे आहेत, म्हणून मोजता येईल असं काही सांगा.

पाणसळ

लाकडाला दोष देण्याआधी जमीन बघा. असं टेबल सव्वा ते दीड टन भरतं, म्हणजे एकेका पायाखाली साधारण १६० ते १९० किलो. पायाखालची फरशी लाकडी हातोडीच्या मुठीने ठोकून पाहा. पोकळ वाजली तर तिथे आधी जमीन भरून घ्यावी लागेल. पण फरशी खचली तर ती खचलेलीच राहते, उन्हाळ्यात वर येत नाही. तुमचा दोष ऋतूबरोबर येतो आणि जातो, त्यामुळे माझा संशय ओलीवर आहे.

आता मोजणी. सुतारी पाणसळीचा इथे उपयोग नाही. तिची अचूकता मीटरला अर्धा मिमीच्या आसपास असते, म्हणजे साडेतीन मीटरात पावणेदोन मिमीची चूक सहज लपते. मशीन शॉपमध्ये वापरतात ती मीटरला ०.०५ मिमी किंवा त्याहून बारीक दाखवणारी लेव्हल मागून आणा. कापड ताणलेलं असेल तर काढायची गरज नाही, फक्त लेव्हल ठेवण्याआधी ब्रश फिरवा. प्रत्येक स्लेटचे चार कोपरे आणि मध्य, शिवाय चारही सांध्यांच्या दोन्ही अंगांना, अशा नोंदी घ्या. प्रत्येक जागी लेव्हल टोकाला टोक फिरवून दुसरं रीडिंग घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. लेव्हलचा स्वतःचा दोष त्यात निघून जातो.

नोंदी वाचायच्या कशा? बॉल्ककडची स्लेट एकाच बाजूला उचललेली असेल, बाकीच्या चार शेजारी शेजारी जुळत असतील, तर दोष त्या एका स्लेटखालच्या लाकडात आहे. सगळ्याच स्लेट एका दिशेला कलल्या असतील तर पाय किंवा जमीन. सांध्यावर नख फिरवून पायरी लागते का तेही बघा. खालचं लाकूड हललं की सांध्यातलं भरण तडकतं आणि कापडाखाली बारीक कंगोरा येतो.

तुलनेसाठी, पूल टेबलाच्या जागतिक निकषात स्लेट लांबीत ०.५ मिमी आणि रुंदीत ०.२५ मिमीच्या आत सपाट असावी लागते. लाकडाची एक मिमी हालचाल म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते यावरून कळेल.

सागवानी

ठाणेकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातच आहेत.

जॉन थर्स्टनने १८२६च्या सुमारास लंडनमध्ये स्लेटची टेबलं आणली. तोवर खेळायचा पृष्ठभागच फळ्यांचा असायचा आणि हवेप्रमाणे वाकायचा. दगड आल्यावर लाकूड पृष्ठभागावरून हटलं, पण दोन जागी ते अजून खेळात आहे. एक दगडाखाली, दुसरी रबरामागे. भरीव लाकूड आणि सुताराचं कसब तपासायचं ते या दोन जागी. पायावरची नक्षी, बाहेरच्या झालरपट्ट्या, कडेचं पॉलिश हे सगळं डोळ्यांसाठी आहे. तिथे व्हीनिअर असलं तरी बॉलला कळत नाही.

आता दगडाखालचं. लाकूड धाग्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ हलत नाही. म्हणून पाय पावसाळ्यात उंच होत नाहीत. हालचाल होते ती धाग्याला आडवी. सागवानाचा हिशेब असा : ओल एक टक्क्याने बदलली की वर्षवलयांना समांतर मापात सुमारे ०.१९ टक्के फरक पडतो, वलयांना काटकोनात सुमारे ०.१० टक्के. ठाण्यात पावसाळ्यात बंद खोलीतलं लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत जातं, एसीच्या कोरड्या हवेत १० टक्क्यांकडे येऊ पाहतं. समजा स्लेटखालचा बीम १५० मिमी उंच आहे आणि ओल ५ टक्क्यांनी वाढली. वलयं उंचीला समांतर असतील तर तो १.४ मिमी फुगेल, काटकोनात असतील तर ०.७५ मिमी. एकाच लाकडाचे दोन बीम, फक्त कापण्याची दिशा वेगळी, आणि त्यांच्यात ०.६५ मिमीचा फरक पडला.

इथे नीट लक्ष द्या. सगळे बीम सारखे फुगले तर पूर्ण टेबल सारखं वर येतं आणि लेव्हल बिघडत नाही. लेव्हल बिघडते ती फरकामुळे. म्हणून चांगला कारागीर सांगाड्याचं सगळं लाकूड एकाच लॉटमधलं, एकाच प्रकारे कापलेलं, सारखं वाळलेलं घेतो. दोष शोधताना 'सागवान फुगतं का' हे विचारू नका, ते फुगणारच. एखादा तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे का, किंवा एकच बाजू जास्त ओली होते का, हे शोधा.

बीमच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. वलयांच्या रेषा उभ्या आहेत की आडव्या की तिरक्या? सगळ्यांच्या सारख्या आहेत का? कडेला फिकट पिवळा पट्टा दिसला तर ती रसकाठ. भुंगा आणि वाळवी तिथेच आधी लागते. सागवानाचा तपकिरी गाभा त्यांना दाद देत नाही. मग दोन पिनांचा मॉइश्चर मीटर घ्या आणि प्रत्येक बीमचं रीडिंग मध्यावर घ्या, तोंडापाशी नको, तिथे ते फसवं येतं. दोन बीममध्ये २ टक्क्यांच्या वर फरक दिसला तर कारण शोधायलाच हवं.

'म्हातारं सागवान' हा दोषच नाही. इतकी वर्षं आकुंचन-प्रसरण सोसून सरळ राहिलेला गाभा आज वखारीत मिळणाऱ्या ओल्या मालापेक्षा केव्हाही भरवशाचा.

हिरवं_कापड

कुशनपुरतं मी लिहितो. रबर बॉलला परत ढकलतं खरं, पण मागचं लाकूड जागचं हललं तर बॉलचा जोर लाकूड हलवण्यात जातो. म्हणून ठोकळा वजनदार, चिरा-गाठी नसलेला आणि स्लेटला पूर्ण लांबीत घट्ट चिकटलेला असावा लागतो. स्टील ब्लॉकची कुशनं आली ती याच साठी. रबरामागे वजन हवं आणि ते हलता कामा नये.

आधी मोजा. लाकडाची एक घसरगुंडी करा, दीड-दोन फूट लांब, मधोमध खाच. बॉल कायम एकाच खुणेपासून सोडायचा, कुशनपासूनचं अंतर कायम तेच ठेवायचं, आणि बॉल किती सेंटिमीटर परतला ते लिहायचं. प्रत्येक कुशनवर वीस-वीस सेंटिमीटरवर एक जागा घ्या. बॉल बाजूची फिरकी न घेता सुटतो, हाताचा जोर मध्ये येत नाही, त्यामुळे कुशना-कुशनांची तुलना खरी होते.

मग मंद जागेवर तीन गोष्टी बघा.

रबराच्या नाकाखाली अंगठा दाबून रबर वर-खाली हलवा. चिकटवलेल्या रेषेत फट उघडली तर दोष गोंदाचा. रबर काढून ठोकळ्याचा चेहरा साफ करायचा, जुना गोंद पटाशीने खरवडायचा, रंधा मारायचा नाही. रंध्याने एक-दीड मिमी गेलं की कुशनचं नाक मागे सरकतं आणि पॉकेटची तोंडंही बदलतात.

रबराला चिरा पडल्या असतील, नखाने दाबून ते दगडासारखं लागत असेल, तर रबर संपलं. सहा वर्षांत हे सहसा होत नाही, पण खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडत असेल तर होऊ शकतं.

तिसरं, आणि फुटक्या आवाजावरून मला हेच वाटतंय, बोल्ट. बटणं काढा आणि स्पॅनर लावून बघा. बोल्ट ढिला निघाला तर नुसता आवळून सोडून देऊ नका, ढिला का झाला ते बघा. पावसाळ्यात ठोकळा रुंदीत फुगतो. बोल्टचं डोकं आणि स्लेट यांच्यामध्ये त्याला जागाच नसते, त्यामुळे वॉशरखालचे धागे चिरडले जातात. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पण चिरडलेले धागे परत उभे राहत नाहीत. तेवढी ढिलाई कायमची. दर वर्षी नुसतं आवळत गेलं की वॉशर लाकडात रुतत जातो.

एमडीएफच्या ठोकळ्यात हाच प्रकार फार लवकर होतो. त्यात लांब धागे नसतात, बोल्टभोवतीचा लगदा दबतो, आणि कड उघडी असेल तर ओल शोषून फुगलेली कड पुन्हा खाली बसत नाही. विक्रेत्याचे पाय भरीव आणि कुशन एमडीएफ हे म्हणजे खर्च चुकीच्या जागी केलाय.

ठाणेकर_क्यू

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं.

फरशी कुठेही पोकळ नाही. पहिल्या, म्हणजे बॉल्ककडच्या स्लेटची भिंतीकडची बाजू खिडकीकडच्या बाजूपेक्षा ०.७ मिमी वर आहे. बाकीच्या चार स्लेट एकमेकींशी जुळतात. पहिल्या सांध्यावर भिंतीच्या अंगाला नखाला पायरी लागते.

ओल : सांगाड्याचे बहुतेक बीम १३ ते १४ टक्के. पहिल्या स्लेटखालचा भिंतीकडचा तुकडा १८. हा तुकडा रंगाने फिकट आहे, तोंडावरच्या रेषा उभ्या, बाकीच्यांच्या आडव्या, आणि स्क्रूही वेगळ्या बनावटीचे. म्हणजे पूर्वी कधीतरी तो बदललेला असणार. त्याच कोपऱ्यात भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल आहे.

कुशन : चांगल्या कुशनवर बॉल ११८ ते १२२ सेंमी परततो, खराब जागी ९६ ते १०१. त्या भागातले दोन बोल्ट पाऊण फेरा फिरले. आवळल्यावर ११३ झालं. वॉशर लहान आहेत आणि तीनेक मिमी रुतलेत. रबर घट्ट चिकटलेलं आहे.

आता हे सांगा की एकच तुकडा बदलून भागेल का? आणि लोखंडी सांगाड्याचा विचार पूर्ण सोडून द्यायचा का?

सागवानी

भागेल. तुमच्या आकड्यांत सगळं जमून येतंय. उभ्या रेषांचा तुकडा उंचीत जास्त फुगतो, त्यात रसकाठ, त्यात ओली भिंत. १४ वरून १८ म्हणजे ४ टक्के, १५० मिमीला सुमारे १.१ मिमी. लेव्हलने ०.७ दाखवलं, उरलेलं पाचरीत आणि सांध्यात दबलं असणार.

क्रम मात्र पाळा. आधी भिंत. बाहेरून गळती किंवा जमिनीतून चढणारी ओल थांबल्याशिवाय नवं लाकूड बसवलं तर पुढच्या श्रावणात हाच चर्चेचा धागा पुन्हा काढावा लागेल.

तुकडा घेताना वखारीत नुसतं 'सागवान' म्हणू नका. बल्लारशाहचा किंवा सीपीचा (जुन्या मध्य प्रांताचा) वाळलेला माल मागा, पूर्ण गाभा, तोंडावर रेषा आडव्या येतील असा कापून घ्या, गाठ नको, आणि मीटर लावून १२ ते १४ टक्के ओल असेल तरच उचला. उघड्यावर वाळवायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण वर्ष लागतं. तीन इंची तुकडा 'गेल्या दिवाळीला कापलाय' असं कोणी सांगितलं तर तो आतून ओला आहे असं समजा, किंवा भट्टीत वाळवलेला घ्या. तयार मापापेक्षा ५ मिमी जाड घेऊन तीन-चार आठवडे टेबलाच्या खोलीतच, खाली पट्ट्या देऊन ठेवा. मग रंधून मापाला आणा.

सांधे पूर्वीसारखेच कूस आणि खाचेचे (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) करा, नुसत्या स्क्रूवर टाकू नका. स्लेटचं वजन खाली दाबतं, पण टेबलावर रेलणारे खेळाडू ते बाजूला ढकलत असतात. तो आडवा जोर कूस घेते, स्क्रू हळूहळू भोक मोठं करतो. शेवटी पॉलिश चारही अंगांना आणि दोन्ही तोंडांना लावा. दर्शनी बाजूला लावून आतली कोरी ठेवली की आतून ओल जास्त शिरते आणि तुकडा बाक घेतो. पॉलिश ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करतं, आणि तुमच्या संध्याकाळपुरत्या एसीला तेवढंच हवंय.

पाणसळ

लोखंडी सांगाड्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो वाईट पर्याय नाही. हवेतल्या ओलीने लोखंड फुगत नाही, आणि नवं टेबल घेताना नीट वेल्ड केलेला, वेल्डिंगनंतर पृष्ठभाग मशीनवर सपाट केलेला सांगाडा असेल तर मी आनंदाने घेईन. पण तुमच्या जागी तो चुकीचा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने बॉक्स सेक्शन पिळतो, तो गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये सरळ होत नाही, आणि मग स्लेटखाली पत्र्याचे तुकडे भरत बसावं लागतं. शिवाय कुशनचं लाकूड तेच राहणार, म्हणजे तुमची दुसरी अडचण जशीच्या तशी.

काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. भर पावसात लेव्हल केलेलं टेबल उन्हाळ्यात उलट दिशेला जातं. कापड आणि कुशन काढल्यावर प्रत्येक स्लेटच्या कडेवर क्रमांक आणि दिशा खडूने लिहा. सांध्यातल्या पितळी खुंट्या त्याच भोकांत गेल्या पाहिजेत. एक स्लेट साधारण १७० किलोची, त्यामुळे उचलायला चार माणसं, आणि ठेवताना उभी, कडेवर, खाली लाकडी पट्ट्या. आडवी ठेवून मध्ये आधार नसेल तर तडकते. लेव्हल मधल्या स्लेटपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा. पाचरी सागवानाच्याच, जोडीने, समोरासमोरून ठोकलेल्या. पुठ्ठा, पत्ते, प्लास्टिक नको, ते दबतात.

हिरवं_कापड

कुशन त्याच वेळी करून घ्या. बोल्टची भोकं २५ मिमीपर्यंत मोठी करून त्यात सागवानाचे डाट (भोक बुजवणारे गोल तुकडे) बसवा. डाट आडव्या धाग्याचे कापून घ्या, म्हणजे डाटाचा धागा ठोकळ्याच्या धाग्याच्या दिशेने येईल आणि दोघं बरोबर फुगतील. बाजारातला गोल दांडा कापून ठोकला तर त्याचा धागा बोल्टच्या दिशेने जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याभोवती फट पडते. इपॉक्सी लावा, २४ तास राहू द्या, मग स्लेटमधल्या भोकावरून खूण घेऊन नवं भोक पाडा. भोक बोल्टपेक्षा १ मिमी मोठं ठेवा. वॉशरऐवजी ३ मिमी जाडीची, ३५-४० मिमी व्यासाची पोलादी चकती घाला, बटणाची खाच तेवढी रुंद करावी लागेल. जोर मोठ्या जागेवर पसरला की धागे चिरडत नाहीत.

आवळताना मधल्या बोल्टपासून टोकांकडे, सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण. स्लेट आणि ठोकळ्यामध्ये व्हिजिटिंग कार्डही शिरता कामा नये. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आणि पुढे दर वर्षी एप्रिलमध्ये तपासा. पावसाळ्यात आवळू नका, तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, बोल्ट घट्टच लागतो आणि खरी ढिलाई कळत नाही.

ठाणेकर_क्यू

भिंतीचं काम, एक बीम, बोल्टचे डाट आणि नवं कापड, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे मांडतो. एकच शंका राहिली. लहान खोलीसाठी पुढे ९ फुटी पूल टेबल घ्यायचं आहे. त्याच्या २५ मिमी स्लेटखाली विक्रेता प्लायवुडची चौकट चिकटवलेली दाखवतो. भरीव लाकूड नाही म्हणून नाकारायचं का?

सागवानी

नाही, तिथे प्लायवुडच बरं. त्या चौकटीचं काम कापडाच्या पिना धरण्याचं आणि पातळ स्लेटच्या कडेला आधार देण्याचं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ती रुंदीत फारशी फुगत नाही. भरीव फळी दगडाला चिकटवली तर ती हलू पाहते आणि गोंद सुटतो. फक्त प्लाय वॉटरप्रूफ ग्रेडची आहे आणि स्लेटच्या तिन्ही तुकड्यांखाली एकाच जाडीची आहे, हे कॅलिपर लावून बघा. कुशनच्या ठोकळ्यांच्या बाबतीत मात्र भरीव कठीण लाकडाचाच आग्रह धरा. कोटेशनमध्ये 'सॉलिड वुड' एवढं लिहिलेलं चालणार नाही. कुशन, बीम आणि पाय यांच्यापुढे लाकडाची जात आणि ओलीची टक्केवारी वेगवेगळी लिहून मागा, आणि माल उतरवताना त्याच जागी मीटर लावा.